वरच्या मजल्यावरचं लीकेज आणि एक लेखी अर्ज

आमच्या सोसायटीत ‘लेटर देणं’ म्हणजे संबंध तोडणं, असं सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं. जिन्यात गाठून कितीही वेळा बोला, कोजागरीला गच्चीवर दूध पिता पिता बोला, त्याचं कुणाला काही वाटत नाही. तेच कागदावर लिहून सेक्रेटरींच्या हातात ठेवलं की तुम्ही भांडखोर ठरता. मी लेटर दिलं. ते दिलं नसतं तर वरच्या काकूंचं आणि माझं बोलणं आज उरलं नसतं, असं मला मनापासून वाटतं. लीकेजवरून एकमेकांचं तोंड न बघणारी कितीतरी घरं ठाण्यात आणि नवी मुंबईत आहेत, म्हणून आमच्याकडे काय काय घडलं ते जरा सविस्तर लिहिते.

आमची बिल्डिंग ठाण्यात पाचपाखाडीत आहे. तळमजला अधिक चार मजले, लिफ्ट नाही, ओसी (भोगवटा प्रमाणपत्र) १९९८ ची. आम्ही दुसऱ्या मजल्यावर. आमच्या बरोबर वरती काका-काकू आणि त्यांचा मुलगा. माझं लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासूनचा शेजार. सासूबाईंना दम्याचा मोठा अटॅक आला त्या रात्री काकांनीच रिक्षा थांबवून आणली होती. हे सांगते कारण लीकेजमधला ‘त्रासदायक शेजारी’ हा बहुतेक वेळा असाच कुणीतरी असतो. तो काही आकाशातून पडलेला दुष्ट माणूस नसतो.

आधी बाथरूमच्या छताला पिवळट डाग दिसला. मग रंगाचे पोपडे सुटले, मग थेंब. पावसाळा संपला तरी थेंब थांबेनात, आणि बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत खालपासून वर ओली व्हायला लागली. त्या भिंतीशी लोखंडी कपाट होतं. कपाट उघडलं की साड्यांना कुबट वास यायचा. सासूबाईंचा पलंग आम्ही हॉलमध्ये हलवला. एके दिवशी छतातल्या लाइटच्या होल्डरमधून पाणी टपकताना दिसलं, तेव्हा मात्र मी घाबरले. इलेक्ट्रिशियनला बोलावून ते कनेक्शनच काढून टाकलं आणि पॅसेजच्या उजेडात अंघोळी सुरू झाल्या. कुणाकडे असं होत असेल तर बाकीच्या चर्चा नंतर करा, ती वायर आधी काढून घ्या.

काकांना सांगितलं तर ते म्हणाले, “अगं, बिल्डिंग जुनी झाली. सगळ्यांकडेच ओल आहे. सोसायटीला सांग.” सोसायटीला, म्हणजे सेक्रेटरींना सांगितलं तर ते म्हणाले, “वहिनी, हे तुमचं आपापसातलं. वरचा-खालचा मिळून बघून घ्या, कमिटी यात पडत नाही.” मग परत काका, परत सेक्रेटरी. यात महिने गेले. प्रत्येक फेरीत आवाज थोडा चढायचा. एकदा काकूंनी मला बघून दार लोटून घेतलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे असंच तोंडी चालू राहिलं तर घर आणि शेजार दोन्ही जाणार.

माझ्या ऑफिसमधल्या एक बाई त्यांच्या सोसायटीच्या खजिनदार आहेत. त्यांनी विचारलं, “तुमच्या सोसायटीचे उपविधी, म्हणजे बाय-लॉज, वाचलेत का?” आमच्या घरात ते पुस्तक नव्हतंच. सेक्रेटरींकडे अर्ज करून फी भरली आणि प्रत घेतली. सभासदाला ती मिळण्याचा हक्क आहे आणि देणं हे सोसायटीचं काम आहे, यात उपकार काही नाहीत. दुकानात आदर्श उपविधींची छापील पुस्तकं मिळतात, पण आपल्या सोसायटीने कुठले उपविधी स्वीकारले आहेत ते बघून घ्यावं. आमच्याकडे २०१४ चे होते. काही सोसायट्या अजून त्याआधीच्याच उपविधींवर चालतात आणि मग कलमांचे आकडे जुळत नाहीत.

त्या पुस्तकात मला हवं ते तीन ठिकाणी सापडलं. पहिलं, दुरुस्तीचा खर्च कुणाचा. पावसाच्या पाण्यामुळे किंवा बाहेरच्या सामाईक पाइपलाइन आणि ड्रेनेज लाइनमुळे होणारी गळती सोसायटीने आपल्या खर्चाने काढायची. संडास, बाथरूम, सिंक अशा घरातल्या कारणाने होणारी गळती असेल तर खर्च त्या फ्लॅटधारकाचा. म्हणजे काका आणि सेक्रेटरी दोघंही एकमेकांकडे बोट दाखवत होते, पण पाणी नेमकं कुठून येतंय हे कळल्याशिवाय दोघांचंही म्हणणं बरोबर की चूक ते ठरणारच नव्हतं. दुसरं, सेक्रेटरीला कमिटीच्या आणखी एका सदस्याला बरोबर घेऊन, आधी कळवून, कुठल्याही सभासदाच्या फ्लॅटमध्ये दुरुस्तीची गरज पाहण्यासाठी जाता येतं आणि सभासदाने त्यांना येऊ द्यायचं असतं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं. सभासदाच्या खर्चाची दुरुस्ती असेल तर कमिटीने त्याला मुदतीची नोटीस द्यायची. त्याने ती केली नाही, तर पुन्हा नोटीस देऊन कमिटी स्वतः दुरुस्ती करून घेऊ शकते आणि खर्च त्या सभासदाकडून वसूल करू शकते. ‘कमिटी यात पडत नाही’ असं म्हणायला जागाच नव्हती.

अर्ज मी एका पानात बसवला. काकांचा मुलगा दोन वर्षांपूर्वी बाथरूमच्या जुन्या टाइल्सवर नव्या टाइल्स लावून गेला होता, तेव्हा कमिटीची लेखी परवानगी घेतली नव्हती, हे सगळ्यांना माहीत होतं. नवरा म्हणत होता, तेही घाल. मी घातलं नाही. मला पाणी थांबायला हवं होतं, कुणाला गुन्हेगार ठरवायचं नव्हतं. अर्जात एवढंच लिहिलं: कुठे कुठे ओल आहे, केव्हापासून आहे, लाइटच्या होल्डरमधून पाणी आल्यामुळे धोका आहे, कमिटीने उपविधींप्रमाणे दोन्ही फ्लॅटची आणि बाहेरच्या पाइपांची पाहणी तज्ज्ञाकडून करून घ्यावी आणि निर्णय लेखी कळवावा. सोबत तारखेसह फोटो. ‘मानसिक छळ’, ‘बेजबाबदार’ असले शब्द एकदाही वापरले नाहीत.

सेक्रेटरींनी अर्ज घेतला, पण दुसऱ्या प्रतीवर पोहोच द्यायला तयार होईनात. “ठेवा ना, आहे माझ्याकडे.” मी तोच अर्ज सोसायटीच्या पत्त्यावर रजिस्टर एडीने पाठवला. (१ सप्टेंबर २०२५ पासून पोस्टाने रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन केलं आहे, त्यामुळे आता स्पीड पोस्टने पाठवून पोहोच घ्यायची.) पोस्टाची पावती माझ्या फाइलला लागली आणि तिथून कमिटीचा सूर बदलला. तक्रार आली की पुढच्या कमिटी मीटिंगमध्ये तिच्यावर निर्णय घ्यायचा आणि त्यानंतर १५ दिवसांत सभासदाला कळवायचं, असं उपविधीत आहे, आणि मीटिंग महिन्यातून एकदा तरी घ्यावीच लागते. मी अर्जाच्या शेवटी ते शांतपणे लिहिलेलं होतंच.

मधल्या काळात सल्ले खूप मिळाले. चौथ्या मजल्यावरचे एक गृहस्थ म्हणाले, वरच्यांचं पाणी तोडायला सांगा, दोन दिवसांत सरळ होतील. मी स्पष्ट नाही म्हटलं. पाणी तोडण्याचा अधिकार उपविधींनी कमिटीला दिलेला नाही, आणि म्हाताऱ्या माणसांचं पाणी बंद करून माझी भिंत वाळवायची हे मला माणूस म्हणूनही पटणारं नव्हतं. दुसरा सल्ला आमच्या घरातलाच, मेंटेनन्स भरायचं थांबवू. त्यालाही मी विरोध केला. मेंटेनन्स थकवलं की आपण थकबाकीदार होतो, वर्षाला २१ टक्क्यांपर्यंत व्याज लागू शकतं, आणि आपली तक्रार बाजूला पडून आपल्याच थकबाकीची चर्चा सुरू होते. मी तर त्या महिन्यांत बिल वेळेच्या आधी भरत होते.

पाहणीला काकांनी आधी नकारच दिला. तेव्हा कमिटीवरच्या तिसऱ्या मजल्याच्या वहिनी एकट्या काकूंकडे जाऊन बसल्या. काय बोलल्या ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी काकूंनीच हो म्हणून सांगितलं. स्ट्रक्चरल ऑडिटसाठी, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीच्या तपासणीसाठी, सोसायटीने नेमलेले इंजिनिअर आणि प्लंबर अशी दोघं आली. (पंधरा ते तीस वर्षांच्या बिल्डिंगचं ऑडिट पाच वर्षांतून एकदा आणि त्यापुढच्या बिल्डिंगचं तीन वर्षांतून एकदा करायचं असतं. आमचं तेव्हा नुकतंच झालं होतं, म्हणून इंजिनिअर ओळखीचे.)

त्यांनी जी टेस्ट केली ती मला आजही जशीच्या तशी आठवते. वरच्या बाथरूमच्या नहाणीच्या (पाणी जायच्या जाळीच्या) तोंडात कापड आणि प्लॅस्टिकची पिशवी घट्ट कोंबली, उंबऱ्याला सिमेंटचा छोटा बांध घातला आणि दोन इंच पाणी भरलं. त्या पाण्यात निळा रंग टाकला. चोवीस तास ते तसंच ठेवायचं आणि तोवर ती बाथरूम कुणी वापरायची नाही. खाली आमच्या छताला इंजिनिअरांनी पेन्सिलने ओलीच्या कडेची रेघ मारून ठेवली. दुसऱ्या दिवशी बघितलं तर रेघ जिथल्या तिथे, नवा थेंब नाही, निळा रंग तर अजिबात नाही. काका म्हणाले, “बघा, मी सांगत नव्हतो?” इंजिनिअर काहीच बोलले नाहीत. त्यांनी नहाणीचा बोळा काढला आणि सगळं निळं पाणी नहाणीतून जाऊ दिलं, वर आणखी दोन बादल्या ओतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या छताला, पाइप खाली उतरतो त्या कोपऱ्यात, पेन्सिलच्या रेघेच्या बाहेर निळसर ठिपके होते.

म्हणजे फरशी चांगली होती. नव्या टाइल्सचा दोष नव्हता. फरशीखालच्या भरावात नहाणी ट्रॅप आणि पाइपचा जो जोड असतो तो सुटला होता, आणि रोजच्या अंघोळीचं पाणी भरावात मुरून हळूहळू आमच्या छतातून येत होतं. बेडरूमच्या भिंतीवर मात्र निळं काही नव्हतं. तिचं कारण बाहेरच्या बाजूला निघालं. डक्टमधल्या (पाइपांसाठी सोडलेल्या मोकळ्या जागेतल्या) सोसायटीच्या ड्रेनेज पाइपचा सांधा फुटला होता आणि त्यात पिंपळाचं रोप उगवून त्याच्या मुळ्या भिंतीत शिरल्या होत्या. ते काम सोसायटीचं. इंजिनिअरांनी दोन्ही गोष्टी वेगवेगळ्या लिहून, फोटो लावून, सही-शिक्क्याचा रिपोर्ट दिला.

हा रिपोर्ट ज्या दिवशी हातात आला त्या दिवशी भांडणातली निम्मी हवा गेली. काका जे म्हणत होते की सोसायटीचाही दोष आहे, ते खरं निघालं होतं. मी जे म्हणत होते तेही खरं निघालं होतं. बाहेरच्या पाइपचं काम कमिटीने दुरुस्ती निधीतून लगेच करून घेतलं. त्या निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दर वर्षी प्रत्येक फ्लॅटकडून घ्यायचे असतात. आपण भरतो ते पैसे नेमके याच कामांसाठी असतात आणि ते मागायला संकोच करण्याचं कारण नाही.

काकांच्या बाजूचं काम मात्र अडलं. दोन वर्षांपूर्वीच्या टाइल्स फोडायच्या, या कल्पनेनेच मुलगा संतापला. कमिटीने मुदत घालून नोटीस दिली. मुदत गेली. आता पुढे काय, म्हणून मी सहकारी संस्थांच्या निबंधक कार्यालयात गेले. सरकारी कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे, त्यामुळे शनिवार उपयोगाचा नाही, रजाच टाकावी लागली. तिथल्या कारकुनाने माझी फाइल चाळून सरळ सांगितलं की लीकेजचा वाद आमच्याकडे चालत नाही. तेव्हा मी निराश झाले, पण तो माणूस बरोबर होता. घरी येऊन उपविधींच्या शेवटी असलेलं प्रकरण वाचलं. कुठली तक्रार कुणाकडे न्यायची ते तिथे वाटून दिलेलं आहे, आणि हे प्रत्येक सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लावायला हवं असं माझं मत आहे. सभासदत्व नाकारलं, शेअर सर्टिफिकेट दिलं नाही, कागदपत्रं दाखवत नाहीत, सर्वसाधारण सभाच बोलवत नाहीत, असं असेल तर निबंधक. दुरुस्ती, गळती, पार्किंग, सभेचे ठराव यावरचे वाद सहकार न्यायालयात, महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ९१ खाली. अनधिकृत बांधकाम किंवा फ्लॅटमधले बेकायदा बदल असतील तर महापालिका. धमकी, मारहाण, फ्लॅटच्या गैरवापराचा उपद्रव असेल तर पोलीस. बिल्डरने करार पाळला नाही तर दिवाणी न्यायालय. चुकीच्या दारात उभं राहिलं की रजा जाते आणि ‘कुठेच काही होत नाही’ अशी कायमची समजूत होऊन बसते.

सहकार न्यायालयात जायची माझी तयारी होती. वकिलांशी बोलणंही झालं. त्यांनीच सांगितलं, आधी कमिटीला तिचा स्वतःचा अधिकार वापरायला लावा. मी दुसरा अर्ज दिला, की नोटिशीची मुदत संपली आहे, उपविधींप्रमाणे सोसायटीने दुरुस्ती करून खर्च वसूल करावा आणि हा विषय वार्षिक सर्वसाधारण सभेच्या अजेंड्यावर घ्यावा. सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावीच लागते. अर्ज वेळेत दिला, चौदा दिवसांच्या नोटिशीत विषय आला. आयत्या वेळी ‘अध्यक्षांच्या परवानगीने’ उभं राहून बोलण्यापेक्षा हे कितीतरी बरं, कारण इतिवृत्तात येतं.

सभा पार्किंगमध्ये, लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर. मुलगा उठून म्हणाला, “आमच्याच मागे का लागलाय? यांना आम्ही नको आहोत.” मी म्हटलं, “तसं असतं तर टाइल्सचा मुद्दा मी पहिल्याच अर्जात घातला असता. अर्ज वाच.” सेक्रेटरींनी अर्ज मोठ्याने वाचला. पूर्ण पान. त्यात त्यांच्या घराबद्दल एकही वाकडा शब्द नव्हता. काका खाली मान घालून ऐकत होते. मग त्यांनीच विचारलं, “किती दिवस लागतील? आमच्याकडे अंघोळीचं काय?” मी बसल्या जागेवरून म्हटलं, “आमच्याकडे या.” ठराव झाला तो एवढाच, की काका महिन्याच्या आत काम करतील, न केल्यास सोसायटी करेल. दुसऱ्या अर्ध्या भागाची गरज पडली नाही.

काम सुरू झाल्यावर रोज सकाळी काकू टॉवेल, साबणाची डबी आणि पितळी तांब्या घेऊन खाली यायच्या. आमच्या गळक्या छताखाली अंघोळ करताना त्यांनी पहिल्यांदा ते पोपडे आणि लटकती वायर नीट बघितली. बाहेर येऊन म्हणाल्या, “एवढं असेल असं वाटलं नव्हतं गं. आमचे हे नुसतं ‘डाग’ म्हणायचे.” मला वाटतं, सगळ्या कागदपत्रांच्या आधी कमिटीने काकूंना आमची बाथरूम दाखवायला आणलं असतं तरी फरक पडला असता. पण दार लोटलेलं असताना ‘खाली येऊन बघा’ म्हणणार कोण?

वर फरशी फोडली तेव्हा भराव चिखलासारखा झालेला होता. जुना जोड हाताने हलत होता. सगळा भराव काढून स्लॅब धुतला, कोपऱ्यांना गोलाई देऊन वॉटरप्रूफिंग केलं, नवा ट्रॅप बसवला, आणि टाइल्स लावण्याआधी पुन्हा पाणी भरून ठेवलं, या वेळी ट्रॅपसकट. ठेकेदार घाईत होता, उद्याच टाइल्स लावू म्हणत होता. इंजिनिअरांनी आणि या वेळी काकांनीही त्याला थांबवलं. आमच्या छताला नवी ओल आली नाही.

माझ्या छताच्या प्लास्टरचा आणि रंगाचा खर्च कुणी द्यायचा, यावर एकमत झालं नाही. वकील म्हणाले, नुकसानभरपाई हवी असेल तर त्यासाठी दावा करावा लागेल. मी केला नाही. काकांनी प्लास्टरचे पैसे स्वतःहून आणून दिले, रंग आम्ही काढला. दुसऱ्या कुणाच्या घरी फर्निचर, फॉल्स सीलिंग असं मोठं नुकसान झालं असेल तर त्यांनी सोडून द्यावं असं मी अजिबात म्हणणार नाही.

सोसायटीने त्यानंतर एक चांगलं केलं. बाथरूम-किचनचं काम काढणाऱ्या प्रत्येकाने आधी लेखी परवानगी घ्यायची आणि टाइल्स लावण्याआधी पाणी भरून खालच्या फ्लॅटधारकाची सही आणायची, असा ठराव पुढच्या सभेत झाला. तो मांडला काकांच्या मुलाने, अनुमोदन मी दिलं. सेक्रेटरींनी अर्जांसाठी इनवर्ड रजिस्टर सुरू केलं आहे आणि आता ते दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारून देतात. गेल्या महिन्यात तळमजल्याच्या आजोबांनी चेंबर तुंबण्याबद्दल अर्ज लिहून घ्यायला मला बोलावलं होतं. एका पानात बसवला, दोन प्रती काढल्या, आणि चेंबर साफ करायला माणूस चार दिवसांत आला.